स्क्वॅश, रिबेस की साधा मर्ज? बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतली आमची छोटी टीम शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींसाठी सॉफ्टवेअर करते: हीट नंबर (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूचा क्रमांक), कास्टिंगचं वजन, डिस्पॅचचं चलन, रिजेक्शनचा हिशोब. बराचसा कोड इंटर्न मुलामुलींकडून येतो. कोडमधल्या बदलांची नोंद आम्ही गिटमध्ये ठेवतो; अशी एक नोंद म्हणजे कमिट. काम होतं ते ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या फांदीवर, आणि गिटहब या साइटवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'तपासून घ्या' अशी विनंती, पाठवून ते 'मेन' या मुख्य फांदीत मिसळतं. मिसळायचे पर्याय तीन: साधा मर्ज सगळे कमिट तसेच ठेवून त्यांना जोडणारा एक मर्ज कमिट करतो, स्क्वॅश सगळ्यांचा मिळून एकच कमिट करतो आणि रिबेस ते कमिट मेनच्या टोकावर एकेक करून पुन्हा मांडतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही गिटहबवर बाकीचे पर्याय बंद करून फक्त 'स्क्वॅश अँड मर्ज' चालू ठेवलं. उन्हाळ्यात तो नियम बदलावा लागला. का बदलला, ते सांगते.

स्क्वॅशची सोय लगेच जाणवते. ब्रँचवर 'फिक्स', 'परत फिक्स', 'आता चालतंय' असे कितीही कमिट असोत, मेनवर एकच जातो. काही बिघडलं तर तेवढा एक रिव्हर्ट केला, म्हणजे उलटवला, की झालं. मर्ज कमिट उलटवताना कुठला पेरेंट (आधीचा कमिट) धरायचा, हे नव्या मुलांना समजावत बसावं लागत नाही. दोघांनी मिळून काम केलं असेल तर 'को-ऑथर्ड-बाय'च्या ओळीत दुसऱ्याचंही नाव राहतं आणि इंटर्नसाठी ते फार मोलाचं आहे. फक्त सेटिंगमध्ये जाऊन कमिट मेसेज म्हणून पुल रिक्वेस्टचं शीर्षक आणि वर्णन घ्यायला सांगा. नाहीतर ते सगळे 'परत फिक्स' खाली चिकटून येतात.

अडलं ते वजनात. एका ग्राहकाच्या चलनावरचं निव्वळ वजन काट्याच्या पावतीशी जुळेना, किलो-अर्ध्या किलोचा फरक. बिघाड कुठल्या कमिटपासून सुरू झाला ते शोधणारं गिट बायसेक्ट लावलं. ते दर पायरीला निम्मे कमिट बाद करतं, त्यामुळे हजार कमिट असले तरी साधारण 10 पायऱ्यांत दोषी कमिट हाती लागतो. आम्हालाही लागला, पण त्यात रिपोर्टचे नवे कॉलम, लायब्ररीचं अपग्रेड आणि वजनाची नवी मांडणी असं सगळं एकत्र होतं. शेवटी सापडली ती एक ओळ: एकूण बेरीज करून मग पूर्णांकात आणायच्या ऐवजी प्रत्येक आयटमचं वजन आधीच पूर्णांकात आणलं जात होतं. ज्या मुलीने ते काम केलं, तिने ब्रँचवर तिन्ही गोष्टींचे वेगळे, नेटके कमिट केले होते. पुल रिक्वेस्टच्या पानावर ते आजही दिसतात, पण बायसेक्ट मेनवर चालतं आणि मेनवर होता एकच गठ्ठा.

तेव्हापासून एका कामाची लहान ब्रँच असेल तर स्क्वॅश. एकाहून जास्त कामं असतील तर लिहिणाऱ्यानेच ती आधी नीट लावायची: रिव्ह्यूमधल्या दुरुस्त्या 'कमिट --फिक्सअप'ने (कुठल्या कमिटची दुरुस्ती ते नोंदवून) टाकायच्या, शेवटी त्या मूळ कमिटांत मिसळायला 'रिबेस -आय --ऑटोस्क्वॅश' चालवायचं, प्रत्येक कमिटवर टेस्ट पास झाल्या पाहिजेत आणि मग साधा मर्ज कमिट. लॉग (कमिटची यादी) 'फर्स्ट-पेरेंट'ने, म्हणजे ब्रँचमधले सुटे कमिट वगळून, पाहिला की मेनची ओळ पूर्वीइतकीच सुटसुटीत दिसते, आणि खोलात जायचं तेव्हा सुटे कमिट जागेवर असतात. 'रिबेस अँड मर्ज' मात्र आम्ही बंदच ठेवलं आहे. त्यात कमिटचे हॅश (ओळख क्रमांक) बदलतात आणि कुठले कमिट एकत्र आले होते ते मेनवर कळत नाही.

रिबेसची मुलांना भीती वाटते, कारण त्यानंतर गिटहबवरची ब्रँच जबरदस्तीने बदलावी लागते, म्हणजे फोर्स पुश. "ताई, फोर्स पुश केला तर माझं काम जाईल की!" हे हमखास ऐकू येतं. काम जात नाही. रिबेसआधीचे कमिट आपल्या मशीनवर रिफ्लॉगमध्ये (गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत) डीफॉल्टने 30 दिवस तरी राहतात, हे करून दाखवलं की मुलं सावरतात. साध्या फोर्सऐवजी 'फोर्स-विथ-लीज' वापरायला लावा. दुसऱ्याने मध्येच काही पुश केलं असेल तर ते नकार देतं. पण एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत (गिटहबवरचं नवं काम आणून ठेवत) असेल तर हे संरक्षण उरत नाही, म्हणून आम्ही ते ऑटो-फेच सगळीकडे बंद केलं.

अजून एक त्रास आहेच. एका ब्रँचवरून दुसरी काढली आणि पहिली स्क्वॅश होऊन मेनवर गेली, की दुसरीत तेच बदल पुन्हा येतात आणि नको तिथे कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) उभे राहतात. 'रिबेस --ऑन्टू'ने पहिलीचे कमिट वगळून फक्त दुसरीचे मेनवर बसवता येतात, पण दर वेळी ते हाताने करावं लागतं. म्हणून एकावर एक ब्रँच चढवायच्या असतील, तर खालची आम्ही आता स्क्वॅश करतच नाही.