सोयाबीन, शेंगदाणा की जवस: घरात कोणतं तेल आणावं?

सोयाबीन बाजार समितीत विकायचं आणि येताना सोयाबीन तेलाचं पाकीट घेऊन यायचं, हा विदर्भातला नेहमीचा व्यवहार. घरचं सोयाबीन घाण्यावर न्यावं म्हटलं, तर त्यात तेल जेमतेम 18-20 टक्के. घाण्याला ते परवडत नाही. शेंगदाण्यात 45-50 टक्के असतं, जवसात 35-40.

फोडणी आणि तळणासाठी निवड मुख्यतः सोयाबीन की शेंगदाणा, एवढीच. सोयाबीन स्वस्त पडतं, आणि त्याचा एक गुण कोणी सांगत नाही: त्यात सुमारे 7 टक्के ओमेगा-3 (शरीराला स्वतः बनवता न येणारी, तब्येतीला चांगली चरबी) असतं. शेंगदाणा तेलात ते नावालाच. पण शेंगदाणा तेल कढईत जास्त टिकाव धरतं. ज्या घरी आलुबोंडे, पुऱ्या, कुरड्यांचं तळण वरचेवर होतं, तिथे मी महाग पडलं तरी शेंगदाणाच घेईन. फक्त घाण्यावर बुरशी लागलेले दाणे जात नाहीत ना, हे बघून. नुसत्या भाजीच्या फोडणीला सोयाबीन चांगलं चालतं.

करडईत संतृप्त चरबी या सगळ्यांत कमी, ओमेगा-3 मात्र नाहीच म्हणा ना. शिवाय पेरा घटला, आता चांगली करडई शोधत फिरावं लागतं. सरकीचं रिफाइंडच घ्या, कारण कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं.

जवसाची गोष्ट निराळी. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-3, पण आचेवर तेच सगळ्यात लवकर बिघडतं. सावजी रश्श्यात जवसाचं तेल पूर्वापार आहे, अन् त्या चवीला तोड नाही. पण तब्येतीसाठी जवस घेणार असाल, तर तेल कढईत घालू नका. त्यापेक्षा चटणी करा. जवस मंद आचेवर भाजून लसूण, लाल मिरची, मीठ घालून कुटायचे. तेलात नसलेला चोथाही पोटात जातो. अख्खे दाणे बरेचसे न पचताच बाहेर पडतात, म्हणून कुटणं आलंच. कुटलेली चटणी खवट होते, तेव्हा आठवड्यापुरतीच करावी.

डबा घ्यायचा की पाकीट? दिवसाला माणशी 25 ग्रॅम धरले, तर चौघांना महिन्याला 3 किलो लागतं. शेतात राबणाऱ्यांना थोडं जास्त. या हिशेबानं 15 किलोचा डबा पाच महिने जायला हवा. दोनच महिन्यांत तळ दिसत असेल, तर तेल बदलून काही होणार नाही, तळण कमी करावं लागेल.