आठ महिने, सोळा डब्या: पहिल्या रायफल स्पर्धेसाठी छर्रे निवडताना

सर्व्हिस रायफलच्या (सैन्यात वापरतात त्या) स्पर्धा फौज-पोलिसांच्या. ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटर हे बोअर, म्हणजे नळीचे व्यास, सामान्य माणसाला मिळतच नाहीत. बँकेत बसणाऱ्या माझ्यासारख्याच्या वाट्याला १० मीटर एअर रायफल आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा. अंबाझरीला आयुध निर्माणी असलेल्या नागपुरात राहून डबी मात्र जर्मनीची शोधत फिरायचं!

जानेवारीत सीताबर्डीहून आणलेली पहिली डबी टोकदार छर्‍यांची निघाली. कागदाला भोक पडण्याऐवजी चिंधी लोंबायची, नऊ की दहा ते कळेना. कोच म्हणाले, "काय भाऊ, पाखरं मारायची हायेत काय? चपट्या तोंडाचे आण." चपटा छर्रा पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतो. स्पर्धेत तोच वापरतात.

मग स्वस्तातले चपटे वापरले. पहिले दोन महिने मला काहीच फरक कळला नाही, कारण माझाच हात इतका हलत होता. तेव्हा महागडी डबी घेतली असती तर पैसे वाया गेले असते. उभं राहायला शिकेपर्यंत स्वस्त डबीच बरी.

एप्रिलमध्ये आरडब्ल्यूएस या जर्मन कंपनीची आर-१० घेतली, रायफलची, छर्रा ०.५३ ग्रॅमचा. याच नावाची पिस्तुलासाठी हलक्या, ०.४५ ग्रॅमच्या छर्‍यांची डबीही मिळते, त्यामुळे दुकानात आकडा वाचून घ्या. डबीवर आणखी एक आकडा असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. तो छर्‍याच्या डोक्याचा व्यास. मला वाटलं, शतांश मिलिमीटरने काय होणार? कोचनी रायफल व्हाइसमध्ये आवळली आणि ४.५० आणि ४.४९ या मापांचे दहा-दहा मारले. ४.५० चा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, साडेसात मिलिमीटर, ४.४९ चा जेमतेम सहा. शेजारच्या मुलीच्या रायफलीत नेमकं उलटं झालं. म्हणजे चांगला छर्रा तो, जो तुमच्या बॅरलला पटतो. दुसऱ्याची डबी बघून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालणं.

या दीड मिलिमीटरचा हिशेब सांगतो. दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, तिथून पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटर रुंद. दशांश गुणांत ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. एका गोळीला कमाल १०.९, म्हणून साठ गोळ्यांत कमाल ६५४ गुण. छर्रा बदलल्यावर माझी सरासरी चारेक गुणांनी वाढली. त्याच काळात डाव्या कोपराची जागा सुधारली, तिने अकरा दिले. छर्‍याकडून किती आशा ठेवायची ते यावरून ठरवा.

तक्रार लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाची. माप तेच, लॉट वेगळा, तर ग्रुप थोडा सरकतो; हे कुठल्याही कंपनीच्या छर्‍यात होतं. जूनमध्ये दुकानदाराने "सेम आहे" म्हणत दुसरा लॉट दिला आणि पंधरा दिवस मी साइट (नेम धरायचं साधन) फिरवत बसलो. आता डबीवरचा लॉट नंबर वाचून एकदम सहा घेतो. खिशाला चटका बसतो, पण एकदाच.

पावसाळ्यात उघड्या डबीतल्या छर्‍यांवर पांढरी पूड दिसली. शिसं ओल्या हवेत गंजतं, घामट बोटं त्यात भर घालतात. आता झाकण घट्ट लावतो आणि सराव संपल्यावर हात साबणाने धुतो. शिसं पोटात जायला नको, मग तर्री पोहे.

ऑगस्टमधल्या स्पर्धेला घरूनच दीडशे छर्रे तपासून नेले. स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड, चेपलेले नऊ बाजूला काढले. सायटरच्या, म्हणजे गुण न धरता सरावाच्या, पंधरा मिनिटांत तीस संपले. साठ गोळ्यांत ५७७.४. त्यात तीन आठ लागले, पण ते छर्‍याचे नव्हते, घड्याळाकडे बघितलं तेव्हाचे होते.

त्याच लॉटच्या चार डब्या उरल्यात. दिवाळीपर्यंत पुरतील.