जुनी जॅग्वार, दोन टाक्या आणि गोव्याचा पाऊस

"दोन टाक्यांची गाडी, म्हणजे कटकटीही दोन," असं डिचोलीत बऱ्याच जणांनी ऐकवलं होतं. एक अख्खा पावसाळा आणि पुढचे कोरडे महिने गाडी चालवून माझं मत उलट झालंय. पेट्रोलची भानगड शोधायची तर दुसरी टाकी असण्यासारखी सोय नाही.

गाडी जॅग्वार एक्सजे सिक्स, सीरिज वन, म्हणजे 1968 ते 1973 मधली. मागच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या आत एकेक टाकी, प्रत्येकी साधारण 50 लिटरची. दोघींना वेगळा एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की करंट दुसऱ्या पंपाला जातो आणि पेट्रोलचा काटाही त्या टाकीचं माप दाखवू लागतो.

डाव्या टाकीवर चोर्ला घाटाच्या चढणीला गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळायला लागली तेव्हा म्हापशाचा मेस्त (मेकॅनिक) फोनवर एवढंच म्हणाला, "साहेब, बॉनेट उघडू नका. आधी दुसरी टाकी लावा." लावली, आणि गाडी सुतासारखी सरळ चढली. म्हणजे कार्बोरेटर, प्लग, कॉइल सगळे निर्दोष. दोष डाव्या टाकीपासून डाव्या पंपापर्यंतच. एका टाकीच्या गाडीत एवढं कळायला अर्धा दिवस जातो. दोन्ही टाक्यांवर तोच त्रास असता, तर सामाईक फिल्टर आणि फ्लोटपासून (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यापासून) सुरुवात करावी लागली असती.

पुढचं काम कानाचं. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायची. चांगला पंप आधी भराभर टकटक करतो, फ्लोट भरले की मंदावतो. टकटक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा होज, म्हणजे पेट्रोलची रबरी नळी, कुठेतरी हवा घेतेय. आवाजच नसेल तर करंट नाही किंवा पंपातले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट काळे पडलेत. पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी मारल्यावर पंप जागा झाला तर पॉइंटच समजा. बॅटरी काढून दोन्ही पंपांच्या वायरी आपसात बदलल्या की बटणाचा दोष आहे का तेही कळतं. पेट्रोलचं झाकण सैल केल्यावर गाडी सुधारली तर टाकीचा श्वास कोंडलाय, म्हणजे आत हवा जायची वाट बंद आहे.

माझ्या डाव्या पंपाची टकटक अखंड चालू होती. पंपाआधीची जुनी रबरी होज चिरली होती. सध्याच्या ई20 पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल; जुन्या रबराला ते सोसत नाही आणि ते पाणीही ओढून घेतं. इथेनॉल चालणारी होज दोन्ही बाजूंना एकदमच घातली. इतक्या महिन्यांत ना वास, ना गळती.

पण खरा शत्रू वर होता. या गाडीचं पेट्रोलचं झाकण मागच्या पत्र्यावर, एका खोलगट वाटीत बसतं. वाटीतलं पाणी जायला बारीक भोक असतं, त्यात पानं आणि माती अडकते. आमच्याकडच्या जूनमध्ये वाटी तासाभरात काठोकाठ भरते आणि झाकणाचा रबर दमलेला असेल तर पाणी थेट टाकीत. फ्लोटच्या भांड्याच्या तळाशी पेट्रोलखाली पाण्याचे गोल थेंब आणि तांबडा गाळ बसलेला दिसला, तेव्हाच टाकी उतरवायची ठरली. मागचा बंपर आणि सायलेन्सरचा शेवटचा पाइप काढावा लागतो, काम घाणेरडं आहे. आता पावसाळ्यात दर आठवड्याला त्या भोकांत मऊ वायर फिरवतो, टाक्या भरलेल्या ठेवतो आणि आलटून पालटून वापरतो. वर्षभर एकीवरच चालवणाऱ्यांच्या दुसऱ्या टाकीत काय शिजतं ते मी पाहिलंय.

याच गाडीच्या पुढच्या, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या सीरिज थ्रीवाल्यांचा प्रकार निराळा. तिथे उरलेलं पेट्रोल टाकीत परत येतं. परतीचा व्हॉल्व्ह अडकला तर एका टाकीचं दुसरीत जाऊन वरून सांडायला लागतं. वास आला की आधी तोच बघा.

अशी गाडी घ्यायला जाल तर दोन्ही टाक्यांवर चढण चढून बघा. "डावी सध्या बंद ठेवलीय" असं मालक म्हणाला, तर टाकी उतरवायची मजुरी किमतीतून वजा करूनच बोला.