पेशी मोजायला शिकवणारी पुस्तके

सोलापुरातील एका महाविद्यालयात मी गणित शिकवतो आणि गेली चार वर्षे दर शनिवारी दुपारी एम.एस्सी.च्या काही विद्यार्थ्यांबरोबर पेशीजीवशास्त्राची व पेशींच्या गणिती मॉडेलांची पुस्तके वाचतो. टेबलाच्या एका बाजूला जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी बारावीनंतर गणिताला हात लावलेला नसतो, आणि काहींनी तर दहावीनंतरच त्याची साथ सोडलेली असते. दुसऱ्या बाजूला गणिताचे विद्यार्थी असतात. त्यांनी पेशीची आकृती शेवटची शाळेत काढलेली असते आणि ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ या एका वाक्याशी त्यांचे पेशीजीवशास्त्र थांबलेले असते. या दोघांना एकत्र बसवून वाचायचे तर कोणते पुस्तक घ्यावे, हे ठरवताना जी पुस्तके आम्ही पानापानाने पारखली, त्यांच्याविषयी हा अभिप्राय आहे. कसोटी एकच ठेवली होती: वाचताना विद्यार्थी आपणहून पेन्सिल उचलतो का, आणि त्या पेन्सिलीने काढलेला आकडा पेशीविषयी त्याला काही सांगतो का.

सुरुवात ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल’पासून करणे भाग आहे, कारण प्रत्येक विद्यार्थी तेच नाव घेऊन येतो. ब्रूस अल्बर्ट्स आणि त्यांच्या सहलेखकांचे हे पुस्तक 1983 साली प्रथम निघाले, 2022 साली त्याची सातवी आवृत्ती आली आणि विद्यार्थी त्याला नुसते ‘अल्बर्ट्स’ म्हणतात. हजारावर पानांच्या या ग्रंथाची योग्यता मी सांगावी असे काही उरलेले नाही. पेशीत एखादी गोष्ट कशी घडते, आणि ती तशी घडते हे कोणत्या प्रयोगाने कळले, हे दोन्ही इतक्या स्वच्छ भाषेत सांगणारे दुसरे पुस्तक मी वाचलेले नाही. मात्र ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला घेणे ही चूक आहे, आणि आमच्या पहिल्या तुकडीने नेमकी तीच केली. जून महिन्यात उत्साहाने उघडलेला ग्रंथ गणपतीपर्यंत तिसऱ्या प्रकरणात अडकला आणि गणिताची दोन मुले यायची बंद झाली. त्यानंतर आम्ही याच मंडळींचे लहान पुस्तक, ‘इसेन्शियल सेल बायॉलॉजी’, वाचायला घेतले आणि मोठा ग्रंथ संदर्भासाठी हाताशी ठेवला. गणिताच्या विद्यार्थ्याला पेशीची ओळख करून देण्यासाठी हे लहान पुस्तक पुरेसे आहे, किंबहुना तेच योग्य आहे.

मोठ्या ‘अल्बर्ट्स’विषयी दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगायला हव्यात. सहाव्या आवृत्तीतील आठव्या प्रकरणात पेशीच्या कार्याचे गणिती विश्लेषण करणारा एक भाग आहे. पेशीजीवशास्त्राच्या इतक्या प्रस्थापित ग्रंथात समीकरणांना असे मानाचे पान मिळालेले पाहून मला मनापासून आनंद झाला. दुसरी गोष्ट म्हणजे या ग्रंथासोबत निघणारे प्रश्नांचे पुस्तक. ते जॉन विल्सन आणि टिम हंट यांनी लिहिले आहे. पेशीविभाजनाच्या नियंत्रणासंबंधीच्या शोधासाठी 2001 सालचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांतले एक हेच हंट. अशा संशोधकाने विद्यार्थ्यांसाठी बसून प्रश्न रचावेत, आणि आपण मात्र मूळ ग्रंथ घेऊन प्रश्नांचे पुस्तक घेऊ नये, ही गोष्ट मला फार लागते. शक्य असेल त्याने ते जरूर मिळवावे.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना आहे. आम्ही या ग्रंथाची एक प्रत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्याहून कमी किमतीत मागवली. आलेली प्रत चोरून छापलेली निघाली. बांधणी महिनाभरात उसवली, पण खरे नुकसान चित्रांचे झाले. प्रतिदीप्त रंग देऊन काढलेल्या एका छायाचित्रात सूक्ष्मनलिका हिरव्या आणि गुणसूत्रे निळी दिसायला हवीत. आमच्या प्रतीत दोन्ही एकाच राखाडी छटेत उतरले होते, आणि खालच्या मजकुरात मात्र ‘हिरव्या रंगात पाहा’ असे लिहिलेले होते. ज्या विषयात रंग हीच माहिती असते, तिथे असली प्रत कवडीमोलाची ठरते. त्यापेक्षा आधीच्या आवृत्तीची जुनी पण अस्सल प्रत घ्यावी. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन अप्पा बळवंत चौकात दुपारपर्यंत शोधाशोध केली, तर अशी प्रत हाती लागण्याची शक्यता असते, आणि घेण्यापूर्वी पाने उलटून पाहता येतात. चौथी आवृत्ती एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या ‘बुकशेल्फ’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. ती क्रमाने चाळता येत नसली तरी हवा तो शब्द शोधून त्याचा भाग वाचता येतो.

आमच्या टेबलावर सर्वांत जास्त दिवस राहिलेले पुस्तक मात्र वेगळेच आहे. रॉब फिलिप्स, जेन कोंडेव्ह आणि ज्युली थेरिओ यांचे ‘फिजिकल बायॉलॉजी ऑफ द सेल’ 2008 साली आले आणि 2012 च्या दुसऱ्या आवृत्तीत हर्नान गार्सिया हे चौथे लेखक त्यांना येऊन मिळाले. या पुस्तकाची रचनाच निराळी आहे. केंद्रक, पेशीपटल, तंतुकणिका अशा क्रमाने न जाता ते भौतिक कल्पनांच्या क्रमाने जाते: यदृच्छ चाल (रेणूचे दिशाहीन भटकणे), विसरण (त्या भटकण्यातून पसरत जाणे), तुळईचे वाकणे, खारट द्रावणातील विद्युतबल, गर्दी. डीएनए, हिमोग्लोबिन, लॅक ओपेरॉन (जिवाणूतील दुग्धशर्करा पचवणाऱ्या जनुकांचा गट) अशी मोजकी उदाहरणे पुन्हापुन्हा येतात आणि दर वेळी त्यांचे नवे अंग उलगडते. अगदी सुरुवातीलाच लेखक ई. कोलाय हा जिवाणू मोजपट्टीसारखा हातात देतात. लांबी सुमारे 2 मायक्रोमीटर, आकारमान सुमारे 1 फेम्टोलिटर. या पट्टीने मोजले की एक गोष्ट ताबडतोब कळते: एवढ्याशा जागेत एखाद्या प्रथिनाचा केवळ एक रेणू असला तरी त्याची संहती, म्हणजे द्रावणातील प्रमाण, साधारण 1 ते 2 नॅनोमोलर (लिटरमागे मोलचा अब्जांश) भरते. जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी नॅनोमोलर हा शब्द प्रयोगशाळेत शेकडो वेळा उच्चारलेला असतो, पण त्यामागे एक-दोन रेणू उभे आहेत हे त्या दिवशी प्रथमच त्यांच्या डोळ्यांपुढे आले.

याच पुस्तकातील विसरणावरच्या प्रकरणाच्या आधारे आम्ही फळ्यावर केलेले एक गणित इथे सविस्तर देतो, कारण हे पुस्तक काय करू शकते ते त्यातून दिसेल. पेशीद्रवातील प्रथिनाचा विसरण गुणांक, म्हणजे ते किती वेगाने पसरते याचे माप, सेकंदाला 10 चौरस मायक्रोमीटर धरा. अंतराचा वर्ग करून त्याला विसरण गुणांकाच्या दुपटीने भागले की ते अंतर कापायला लागणारा अंदाजे वेळ मिळतो. जिवाणूच्या 2 मायक्रोमीटर लांबीसाठी 4 भागिले 20, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. मग मी विचारले की कण्याच्या खालच्या टोकापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा चेतापेशीचा सुमारे 1 मीटर लांबीचा तंतू घेतला तर काय होईल? अंतर पाच लाख पटींनी वाढले, तेव्हा वेळही पाच लाख पटींनी वाढेल, असे बहुतेकांनी सांगितले. प्रत्यक्षात अंतराचा वर्ग होत असल्याने उत्तर 50 अब्ज सेकंद, म्हणजे जवळजवळ सोळाशे वर्षे असे येते. वर्गात क्षणभर कोणी बोलेना. मग सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, म्हणून किनेसिन लागते.” तिने ते नाव पाठ केले होते, त्याची आकृतीही अनेकदा काढली होती, पण पेशीत माल वाहून नेणारे हे चालते प्रथिन का असावे लागते, ते तिला त्या भागाकाराने सांगितले. किनेसिन सेकंदाला 1 मायक्रोमीटर चालते असे धरले तर तेच अंतर साडेअकरा दिवसांत पार होते, आणि चेतातंतूतील जलद वाहतूक तर याहूनही वेगवान असते.

या पुस्तकातील उणीव अशी की पाचव्या-सहाव्या प्रकरणापासून सांख्यिकीय यामिकी (असंख्य रेणूंच्या एकत्रित वर्तनाचे गणित) इतक्या वेगाने येते की भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेला वाचक धापा टाकू लागतो. शिक्षक सोबत नसेल तर तिथे थांबून याच फिलिप्स यांनी रॉन मिलो यांच्याबरोबर लिहिलेले ‘सेल बायॉलॉजी बाय द नंबर्स’ घ्यावे. 2015 साली निघालेले हे पुस्तक छोट्या छोट्या प्रश्नांचे बनलेले आहे: पेशीत प्रथिने किती, प्रथिने बनवणारा रायबोसोम किती वेगाने काम करतो, पेशी किती वेळात दुप्पट होतात. प्रत्येक प्रश्नाला अंदाज, मग मोजमाप, मग दोहोंची तुलना असा क्रम आहे. त्याचा मसुदा लेखकांनी इंटरनेटवर विनामूल्य ठेवला आहे. बसमध्ये येता-जाता एक प्रश्न वाचून संपतो, हा बार्शी-पंढरपूरहून रोज येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठाच गुण आहे.

आता मॉडेलांची पुस्तके. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला माझी पहिली शिफारस लिया एडेलस्टाइन-केशेट यांच्या ‘मॅथेमॅटिकल मॉडेल्स इन बायॉलॉजी’ची आहे. 1988 चे हे पुस्तक सिआम या उपयोजित गणिताच्या संस्थेने 2005 साली पुन्हा छापले. लेखिका डिफरन्शियल इक्वेशनने, म्हणजे सलग काळातील बदलाचा दर सांगणाऱ्या समीकरणाने, सुरुवात करत नाहीत. पेशी दर पिढीत दुप्पट होतात, एवढ्या साध्या गोष्टीपासून निघून पिढी-दर-पिढी चालणारी समीकरणे आधी मांडतात. सलग काळाची समीकरणे चौथ्या प्रकरणात, केमोस्टॅटच्या निमित्ताने येतात. केमोस्टॅट म्हणजे जिवाणू वाढवण्याचे असे पात्र, ज्यात एका बाजूने अन्नद्रव येतो आणि दुसऱ्या बाजूने तितकाच बाहेर जातो. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे पात्र माहीत असते, त्यामुळे समीकरणातल्या प्रत्येक पदाकडे बोट दाखवून ‘हा आत येणारा, हा वाहून जाणारा’ असे ते स्वतःच सांगू लागतात. मिती जुळवून पाहणे आणि एकके काढून टाकून समीकरण आटोपशीर करणे ही कामे इतक्या धीराने शिकवणारी लेखणी विरळा. पुस्तक जुने असल्याने 2000 सालानंतरची कृत्रिम जनुक-मंडले (एकमेकांना चालू-बंद करणारी, मुद्दाम जोडलेली जनुके) त्यात अर्थातच नाहीत.

ती उणीव भरून काढायला ब्रायन इंगॉल्स यांचे 2013 सालचे ‘मॅथेमॅटिकल मॉडेलिंग इन सिस्टिम्स बायॉलॉजी’ आहे. रासायनिक अभिक्रियांपासून चयापचय, संदेशवहन, जनुकांचे नियंत्रण आणि चेतापेशींची विद्युत अशी त्याची सरळ वाट आहे आणि रेणू मोजकेच असतील तेव्हा सलग समीकरणे का अपुरी पडतात, तेही त्यात आले आहे. संगणकावर काम करून पाहण्यासाठीची माहिती परिशिष्टांत आहे. आम्ही तीच उदाहरणे पायथॉन या संगणकीय भाषेत करतो, कारण त्याला खर्च नाही. ज्याला एकच पुस्तक घ्यायचे आहे आणि बारावीपर्यंतचे गणित ज्याच्या अजून हातात आहे, त्याने हेच घ्यावे.

युरी ॲलन यांचे ‘ॲन इंट्रोडक्शन टू सिस्टिम्स बायॉलॉजी’ (2006, दुसरी आवृत्ती 2019) हे वाचनाचा आनंद देणारे पुस्तक आहे. जनुकांच्या जाळ्यात काही ठरावीक जोडण्या, लेखकाच्या शब्दांत ‘मोटिफ’, पुन्हापुन्हा दिसतात, हा त्याचा गाभा. चादरीवरची वेलबुट्टी पाहत वाढलेल्या सोलापूरच्या मुलांना ‘मोटिफ’ हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. एकाच नक्षीची पुनरावृत्ती कशी ओळखायची हे त्यांची नजर आधीच शिकलेली असते. पहिल्याच प्रकरणातील एक निष्कर्ष आम्हांला फार आवडला. प्रथिन एका ठरावीक दराने बनत असेल आणि असलेल्या प्रमाणानुसार कमी होत असेल, तर त्याची अंतिम पातळी दोन्ही दरांवर अवलंबून असते, पण निम्म्या पातळीपर्यंत पोचायला लागणारा वेळ फक्त कमी होण्याच्या दरावर ठरतो: 0.69 भागिले तो दर. मी गळक्या टाकीचे उदाहरण दिले. नळ मोठा सोडला तर पाणी अधिक उंच चढते, पण त्या उंचीच्या निम्म्यापर्यंत यायला वेळ तेवढाच लागतो. पाण्याच्या पाळीप्रमाणे टाकी भरणाऱ्या घरांतील मुलांचा यावर विश्वास बसेना. शेवटी दोघींनी घरी बादलीला खिळ्याने भोक पाडून पाहिले आणि बादलीच्या पाण्याची गळती पातळीच्या अगदी सम प्रमाणात नसते, हे मलाच येऊन दाखवले. त्या चर्चेत आमचा एक पूर्ण शनिवार गेला आणि तो सत्कारणी लागला. पुस्तकाची मर्यादा एवढीच की त्यातील कथन इतके देखणे आहे की मोजमापातील गुंतागुंत आणि अपवाद मागे राहतात. म्हणून ते दुसरे किंवा तिसरे पुस्तक म्हणून वाचावे.

जेम्स कीनर आणि जेम्स स्नेड यांचे ‘मॅथेमॅटिकल फिजिऑलॉजी’ 1998 साली एकाच खंडात आले आणि 2009 साली त्याचे दोन खंड झाले. त्यांतला पहिला पेशींविषयी आहे. हे पुस्तक गणिताच्या विद्यार्थ्यासाठी आहे आणि त्याच्याकडून बरेच मागते. हॉजकिन आणि हक्स्ली यांच्या 1952 सालच्या, चेतापेशीतील विद्युत संदेशाच्या मॉडेलपाशी आम्ही पाच आठवडे थांबलो. केंब्रिजचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद असल्याने हक्स्ली यांनी ती समीकरणे हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. हे कळल्यावर आमच्या एका विद्यार्थ्याने पहिल्या मिलिसेकंदाचे टप्पे वहीत हाताने करून आणले, सोळा पाने भरून.

मराठीत या विषयाचे पदवीपुढील पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे आम्ही वाचतो इंग्रजीत आणि बोलतो मराठीत, मध्येच कन्नड आणि तेलुगूतही. वहीच्या मागच्या पानांवर शब्दांची यादी वाढत चालली आहे. स्थिर अवस्था, उंबरठा, विसरण हे शब्द सहज रुळले. ‘फीडबॅक’साठी ‘प्रत्याभरण’ लिहून पाहिले, पण बोलताना कोणी वापरेना, तेव्हा फीडबॅकच ठेवला. या वर्षी जुलैमध्ये नवी तुकडी येईल, तेव्हा ‘इसेन्शियल सेल बायॉलॉजी’ची पहिली पाच प्रकरणे आणि एडेलस्टाइन-केशेट यांची पहिली चार एका आड एक शनिवारी घेण्याचे ठरले आहे, आणि विसरणाचे ते सोळाशे वर्षांचे गणित पहिल्याच दिवशी.