दोन कपाटांचे दुकान

पुतण्याच्या लग्नाचा आहेर घेण्यासाठी गेल्या महिन्यात मी पुण्याच्या कॅम्प भागातील ख्रिस्ती साहित्याच्या एका जुन्या दुकानात गेले होते. पुतण्या आमच्या नगरचा, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतला, म्हणजे प्रोटेस्टंट; होणारी सून वसईची, कॅथलिक. त्यांच्या नव्या घरासाठी बायबल, गीतांचे पुस्तक आणि भिंतीवर लावायचा क्रूस एकाच ठिकाणी मिळावा, एवढीच अपेक्षा होती. ती पूर्ण झाली, त्यामुळे हा अभिप्राय अनुकूलच आहे. मात्र ती कशी पूर्ण झाली, याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

दार ढकलून आत पाऊल टाकले, तोच गल्ल्यावरच्या वयस्कर काकांनी विचारले, "ताई, कॅथलिक की प्रोटेस्टंट?" दुकानात समोरासमोर दोन काचेची कपाटे आहेत आणि उत्तराप्रमाणे गिऱ्हाईक डावीकडे किंवा उजवीकडे वळते. या प्रश्नात वाईट हेतू काहीच नाही. कॅथलिकांच्या बायबलमध्ये 73 पुस्तके असतात, प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये 66, आणि चुकीची प्रत घरी नेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बदलून मागायला येते, असे काकांनीच सांगितले. मी "दोन्ही" म्हणाले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला बसायला स्टूल दिले.

बाहेरच्या जगात हा प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही. नगरला आमच्या आळीतल्या शेजाऱ्यांच्या लेखी आम्ही सगळे सरसकट 'मिशनवाले'. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवले, तेव्हाही तो कोणत्या चर्चचा, हे पाहिले नव्हते. चर्च कुठले, हे विचारतो ते आपणच, आणि त्यानंतर "मूळ गाव कुठले? आडनाव काय?" असा जो दुसरा प्रश्न हळूच येतो, त्याचा खरा अर्थ विचारणाऱ्यालाही ठाऊक असतो आणि ऐकणाऱ्यालाही. काकांनी हा दुसरा प्रश्न विचारला नाही, याची नोंद मी आवर्जून करते.

मालाविषयी तक्रारीला जागा नाही. मराठी बायबलच्या मोठ्या अक्षरांच्या प्रती होत्या. कागद पातळ असूनही मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटत नव्हती आणि बांधणी उघडल्यावर सपाट राहणारी होती. लग्नात दिलेले बायबल पुढे तीस-चाळीस वर्षे रोज हाताळले जाते, हे लक्षात घेता बांधणीकडे पाहिलेच पाहिजे. गीतांच्या पुस्तकात प्रत्येक गीतावर त्याची चाल दिलेली होती. पेटी घेऊन बसणाऱ्याला त्या एका ओळीचा केवढा आधार असतो, हे आमच्याकडे भजनाला बसलेल्यांना सांगायला नको. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते अर्थातच उजव्या, म्हणजे प्रोटेस्टंट कपाटात होती.

माझा आक्षेप आहे तो इथे. ज्या टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून, बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्माची दीक्षा) घेतलेल्या आणि न घेतलेल्या येशूभक्तांना एकत्र आणण्यासाठी 'देवाचा दरबार' उभा केला, त्यांना एका कपाटात कोंडणे मला पटले नाही. साहित्य अकादमीने 2013 साली गौरवलेला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा बायबलचा अनुवाद डाव्या कपाटात, तोही रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, डब्यांमागे होता. हा अनुवाद ख्रिस्ती नसलेले मराठी वाचकही वाचतात. त्याची जागा दर्शनी टेबलावर हवी. मी तसे सुचवले, तेव्हा काका म्हणाले, "टेबलावर ठेवलं की लोक विचारतात, हे आपलं का त्यांचं?" या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तसे पाहिले तर कपाटांची संख्या कमी होऊ शकते, हे आमच्या घराने पाहिलेले आहे. आजोबांच्या पिढीत नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनची आणि इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या एस. पी. जी. मिशनची माणसे वेगवेगळी ओळखली जात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यात हे दोन्ही प्रवाह मिळाले. त्या ऐक्यात बालबाप्तिस्मा मानणारे होते आणि प्रौढपणीच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारेही होते. दोन्ही पद्धती चालतील असे ठरवून त्यांनी वाट काढली. म्हातारी माणसे अजूनही "ते एस. पी. जी. वाले" असे बोलून जातात, ती गोष्ट वेगळी.

क्रूस निवडताना मात्र खरी अडचण झाली. काकांनी काउंटरवर दोन क्रूस शेजारी शेजारी ठेवले: एक साधा, सागवानी, रिकामा, दुसरा प्रभूची मूर्ती असलेला. पहिल्याला सासर रुळलेले, दुसऱ्याला माहेर. रिकामा क्रूस नेला तर सुनेच्या आईला घर ओकेबोके वाटणार आणि मूर्तीचा नेला तर आमच्या मोठ्या जाऊबाई बोलून दाखवणार, हे मला तिथेच दिसले. मी बराच वेळ दोन्ही हातात घेऊन उभी होते. शेवटी काका म्हणाले, "घराला भिंती चार असतात, ताई. दोन्ही न्या." हा विक्रेत्याचा सल्ला होता, हे कळत असूनही मी तो मानला.

बांधून देण्याचे काम अतिशय नीटनेटके होते. मूर्तीचे टोक सागवानाला घासू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातला आणि बायबलवर मोफत नाव घालून दिले. पैसे ऑनलाइन भरता येतात, पण पावती हाताने लिहितात, त्यामुळे वेळ लागतो. दुकानापाशी गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जावे. आणि एक मोठी गैरसोय म्हणजे दुकान रविवारी बंद असते, त्यामुळे बाहेरगावाहून पुण्याला उपासनेला किंवा मिस्साला (कॅथलिकांच्या उपासनेला) आलेल्या माणसाला तिथून काही घ्यायचे, तर शनिवारीच मुक्कामाला यावे लागते.