जुनी कॉर्व्हेट: साइड पाइप घ्यावा की मागचा सायलेन्सर बरा?

१९६५ ते १९६७ मधली कॉर्व्हेट स्टिंग रे, म्हणजे शेव्हरलेटची अमेरिकन स्पोर्ट्स कार, शोधणारा आधी इंजिन बघतो, मग रंग. एक्झॉस्टकडे, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांकडे, लक्ष जातं ते सौदा झाल्यावर, आणि तिथून पुढे खिशाला कात्री लागत राहते. म्हणून हे आधीच ठरवलेलं बरं.

शेव्हरलेटच्या कारखान्यातून या गाडीला तीन तऱ्हेचे एक्झॉस्ट मिळत. पहिला नेहमीचा: गाडीखालून मागे जाणाऱ्या दोन नळ्या, शेवटी दोन सायलेन्सर. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लांबच्या प्रवासात शेजारच्याशी गप्पा मारायच्या असतील तर हाच.

दुसरा एन११ (कंपनीच्या यादीतला पर्यायाचा क्रमांक). नळ्यांचा मार्ग तोच, फक्त सायलेन्सर कमी अडवणूक करणारे. १९६७ मध्ये त्याचे ३६.९० डॉलर पडत. आवाज भरदार होतो, पण तो तुमच्या मागे राहतो. बाहेरून गाडी वेगळी दिसत नाही, त्यामुळे मिरवायची हौस असलेले याला नाक मुरडतात.

तिसरा एन१४, म्हणजे प्रसिद्ध साइड पाइप. १९६५ मध्ये हा पर्याय आला तेव्हा किंमत होती १३४.५० डॉलर आणि घेणारे अवघे ७५९. १९६७ मध्ये किंमत १३१.६५ डॉलरवर आली आणि एकूण २२,९४० गाड्यांपैकी ४,२०९ गाड्यांना तो लागला. यात सायलेन्सरचा वेगळा डबा नाही. नळीच ठरावीक अंतरावर चेपून आत कप्पे केलेले असतात आणि आवाज तिथेच काय तो दबतो. नळ्या दारांखालून जातात आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे संपतात. खिडकी उघडी असली की फायरिंग थेट कानात. आपल्याकडे बुलेटला बॉटल सायलेन्सर लावणाऱ्यांना यातली मजा वेगळी सांगायला नको, पण तीन तास सलग ऐकल्यावर ती किती उरते हा प्रश्न आहेच.

ताकद वाढेल म्हणून साइड पाइप घेणार असाल तर थांबा. एन१४ लावलेल्या गाडीसाठी कंपनीने अश्वशक्तीचा वेगळा आकडा दिलेला नव्हता. पैसे आवाजाचे आणि देखणेपणाचे. दिसतो मात्र झकास, यात वाद नाही. त्रास उतरताना. नळीवर ॲल्युमिनियमचं जाळीदार आवरण असलं तरी तेही तापतं आणि हाफ पँटमधल्या माणसाची पोटरी भाजते. घरात लहान मुलं असतील तर एवढ्या एका कारणासाठी मी एन१४ टाळेन.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी एक सूचना: १९७५ पर्यंतच्या गाड्यांना तिथे धुराच्या तपासणीतून सूट आहे, आवाजातून नाही. नेहमीच्या मोटारीच्या एक्झॉस्टला ९५ डेसिबलची मर्यादा आहे.

माझं मत विचाराल तर गाडी चालवायची असेल तर एन११. प्रदर्शनात उभी करायची असेल तर कारखान्यातून निघताना जे होतं तेच. साध्या गाडीला मागाहून साइड पाइप लावणं सोपं वाटतं, पण दारांखालच्या पट्ट्या बदलाव्या लागतात आणि मागच्या पॅनेलमधली नळ्यांची भोकं तशीच राहतात. मूळ एन१४ गाडीला ती भोकं नसतात. विकणारा ‘ओरिजिनल साइड पाइप’ म्हणाला की आधी वाकून तिथे बघा. बॉडी फायबरग्लासची, म्हणजे भोक बुजवून रंग मारणं कठीण नाही. तेव्हा पॅनेलची आतली बाजूही तपासा.

चासी नंबरवरून काही कळत नाही, कारण त्यात हे पर्याय नोंदलेलेच नसतात. १९६७ च्या गाडीत पेट्रोलच्या टाकीवर पर्यायांची यादी असलेला कागद चिकटवलेला असतो, तो बहुधा टाकी उतरवल्यावरच दिसतो. विकणारा टाकी उतरवायला तयार नसेल तर गाडी खुशाल घ्या, पण साइड पाइपचे जादा पैसे मोजू नका.