उकड्या तांदळाला लागणारा वेळ

आंबोलीचा घाट उतरून दाणोली मागे टाकली की सावंतवाडीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून एका वाडीत शिरावे लागते. तिथे सुपारीच्या बागेच्या टोकाला सहा खोल्यांचे एक हॉटेल आहे आणि त्याच्या रुंद पडवीतच जेवणघर मांडलेले आहे. हॉटेलाचे नाव येथे देत नाही, कारण एका वेळी पंधरा पानांपलीकडे वाढण्याची त्यांची तयारी नाही, शिवाय मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन मी तेथे दोन दिवस राहिलो. मासेमारी बंदीचा काळ असल्याने (महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत) ताज्या सरंग्याची आशा धरून जाणाऱ्याने हा मोसम टाळावा हे उघड आहे. पण स्वयंपाकघराची खरी परीक्षा मला या दिवसांतच होते असे वाटते, कारण तळलेल्या माशाचा तुकडा ताटात असला की बाकीच्या पदार्थांकडे कोणी फारसे बघत नाही.

महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, आणि ‘शेतातून थेट ताटात’ अशा पाट्या आता कोकणातल्या रस्त्यांवर जागोजागी दिसतात. बहुतेक ठिकाणी मागे चार वांग्यांची रोपे असतात आणि पुढे पनीर. या हॉटेलाने मात्र पडवीच्या खांबाला एक काळा फळा टांगला आहे. त्यावर रोज खडूने ‘घरचे’ आणि ‘विकतचे’ असे दोन रकाने भरले जातात. आम्ही गेलो त्या दिवशी घरच्या रकान्यात तांदूळ, नारळ, कोकम, कुळीथ, अळू, फागला (म्हणजे करटोली), टाकळा आणि आठळ्या होत्या. विकतच्या रकान्यात कांदा, बटाटा, गूळ, बेडगी मिरची आणि तेल. हा दुसरा रकाना वाचून मला पहिल्यावर विश्वास ठेवावासा वाटला. गूळ आणि कांदा कोकणात पूर्वीपासून बहुतांशी घाटावरून येतो, मालवणी मसाल्याला रंग देणारी बेडगी मिरची तर कर्नाटकातून येते. तेव्हा सगळेच आपल्या कुंपणातले असल्याचा दावा आमच्या आजीलाही करता आला नसता.

जेवण काय हवे ते आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सांगावे लागते, आणि तरीही दुपारी एकची वेळ ठरली असेल तर पान दीड-पावणेदोनच्या आधी येत नाही. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन चौकशी केली, तेव्हा चुलीपुढे बसलेल्या काकींनी मान वर न करता “उकडो तांदूळ आसा, येळ लागतलो” एवढेच उत्तर दिले. ते खरेही होते. भात भिजवून, उकडून, वाळवून मग गिरणीत नेलेला हा लालसर तांदूळ कोलमसारखा वीस मिनिटांत शिजत नाही, आणि तो जुना असेल तर आणखी वेळ घेतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या औषधांच्या वेळा ठरलेल्या आहेत, हे कळताच त्यांनी साडेबारालाच तिच्यापुढे पेजेची वाटी, मिठातली कैरी आणि चुलीत भाजलेला पापड आणून ठेवला. ही वाटी मागावी लागली नाही. मात्र अशी अडचण असलेल्यांनी ती आरक्षणाच्या वेळीच सांगावी, कारण पेज रोज उरतेच असे नाही.

जेवणात सर्वांत उजवी ठरली ती टाकळ्याची भाजी. टाकळा जूनच्या पावसानंतर बांधावर आपोआप उगवतो आणि पाने कोवळी असतात तोवरच खाण्याजोगा असतो, पुढे तो राठ आणि कडू होतो. येथे त्यात मे महिन्यात लाल मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या ठेचून घातल्या होत्या, वरून ओले खोबरे होते आणि कांदा अगदी बेताचा. टाकळ्याचा किंचित तुरटपणा आठळीच्या पिठूळ गोडीने झाकला जात नाही, फक्त सुसह्य होतो. मला ही भाजी तशीच हवी असते. कुळथाची पिठी पातळ आणि लसणीची होती, आणि गरम भातावर ती ओतल्यावर आईने पुढची दहा मिनिटे काहीच बोलायचे सोडून दिले. सोलकढी आगळाची होती, म्हणजे उन्हाळ्यात मीठ घालून साठवलेल्या कोकमाच्या रसाची, त्यामुळे तिला ताज्या नारळाच्या दुधाबरोबर एक खोल खारट चव होती. बाजारी सोलकढीचा भडक गुलाबी रंग तिला नव्हता. सुक्या जवळ्याची किसमूर, म्हणजे खोबरे घातलेली कोरडी कोशिंबीर, मागितली तरच मिळते. ती जरूर मागावी.

दुसऱ्या एका गोष्टीसाठीही मी या लोकांना मान देतो. शेजारच्या मेजावरील पाहुण्यांनी चढणीच्या माशांचा आग्रह धरला होता. पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणारे हे मासे अंड्यांनी भरलेले असतात, ते गावोगाव पकडले जातात आणि चवीलाही उत्तम लागतात. ते आम्ही शिजवत नाही, असे मालकांनी शांतपणे सांगितले आणि विषय वाढवला नाही.

तक्रारी रात्रीच्या जेवणाबद्दल आहेत. दुपारी स्वतःच्या पदार्थांवर एवढा विश्वास असलेले हे स्वयंपाकघर रात्री शहरी पाहुण्यांना भिते. पहिल्या रात्री आम्हाला मक्याच्या पिठाने दाट केलेले सूप, मटार-पनीर आणि शेवटी काचेच्या पेल्यात कोकमाचे पन्नाकोटा (सायीचा इटालियन गोड पदार्थ) मिळाले. आंबट कोकम आणि साय यांचे लग्न लावण्याचा हा प्रयत्न ज्याने कोणी सुचवला असेल, त्याने रसातले शिरवाळे कधी खाल्ले नसावेत. दुसऱ्या रात्रीसाठी आम्ही तेच मागितले, आणि तांदळाच्या वाफाळत्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात आल्या तेव्हा मटार-पनीरही माफ केले. सकाळच्या आंबोळ्या जाळीदार होत्या, पण त्यांच्याबरोबर बाटलीतला जॅम ठेवण्याचे कारण मला समजले नाही. अंगणात बारमाही विहीर असताना मेजावर प्लास्टिकच्या बाटल्यांतले पाणी असते, हेही खटकले. मागितल्यावर उकळून गार केलेले पाणी तांब्यात मिळाले.

दुपारच्या पानाचे साडेपाचशे रुपये पडतात. सावंतवाडीच्या बाजारातल्या खानावळीच्या मानाने हे दर चढे आहेत, पण वाढणी हवी तितकी आहे आणि काकींना मिळणारी घाई न करण्याची मुभा त्यात धरली तर मला ते अवाजवी वाटले नाहीत. लहान मुले असतील तर दीड वाजेपर्यंतच्या खाऊची सोय आपल्याजवळ ठेवावी. पावसाळ्यात शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता निसरडा होतो, गाडी वरच्या देवळाशी लावून चालत जाणे बरे. मासे हवे असतील तर ऑगस्ट उजाडू द्यावा. गणपतीच्या दिवसांत मात्र हॉटेल बंद असते, कारण तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या सगळ्याजणींच्या घरीच पाहुणे आलेले असतात.